कॉलरला हात लावला नाही

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता सर दोन कोट घेऊन टेलरच्या दुकानात शिरले. त्यांतला एक कोट त्यांचा होता.

दुसरा कोणाचा हे सांगण्याआधी माणसे नीट ओळखून घेतलेली बरी, कारण या गोष्टीतल्या तिन्ही पुरुषांना लोक मास्तरच म्हणतात. एक शाळेतले मास्तर, एक शिवणाचे मास्तर आणि एक पोस्टमास्तर. गोंधळ नको म्हणून शाळेतल्यांना आपण सर म्हणू, शिवणवाल्यांना टेलर म्हणू, आणि पोस्टमास्तर हे सरांच्या एकुलत्या एका लेकीचे सासरे असल्याने त्यांना व्याही म्हणू. दुसरा कोट व्याह्यांचा होता. तो त्या वेळी सरांच्या हातात होता हे व्याह्यांना ठाऊक नव्हते.

येत्या शनिवारी व्याही नोकरीतून निवृत्त होणार होते. पोस्टाच्या हॉलमध्ये समारंभ ठेवला होता आणि सरांना पहिल्या रांगेत बसायचे होते. सरांकडे कोट एकच. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी शिवलेला. तेव्हा सर अंगाने शिडशिडीत होते. मधल्या काळात कोट होता तसा राहिला, सर राहिले नाहीत. आता वरचे बटण लावले की श्वास घेता येत नसे आणि श्वास घेतला की बटण राहत नसे.

व्याह्यांच्या कोटाचा सरांना मनापासून राग होता. दोन वर्षांपूर्वी लेकीने नोकरीला लागल्यावर पहिली मोठी हौस केली ती हा कोट, आणि तो दिला सासऱ्यांना. बापाला नाही. “इंग्रजी शिकवलं आम्ही, आणि कोट तिकडे,” असे सर तेव्हा बायकोला म्हणाले होते. त्यावर बायकोने विचारले, “तुम्हाला दिला असता तर घातला असतात का?” हा प्रश्न सरांनी विषयाला सोडून आहे असे ठरवले आणि उत्तर दिले नाही.

व्याही अंगाने किरकोळ, कोट मात्र ऐसपैस. खुंटीला लावल्यासारखा तो त्यांच्या खांद्यांवर लोंबे. तरी व्याही तो घालूनच सगळीकडे जात. सुनेने दिलेला कोट म्हणून ते भाजी आणायलासुद्धा तो घालतात आणि मुद्दाम आपल्या घरावरून जातात, असे सरांचे म्हणणे होते. मागच्या रविवारी ते सरांकडे जेवायला आले, उकडायला लागले म्हणून कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि गप्पांच्या नादात तसेच घरी गेले.

बायकोने कोट कपाटात ठेवला. ती दुपारी जरा पडल्यावर सरांनी कपाट उघडले, खोलीची कडी लावली आणि कोट अंगात घालून पाहिला. तो बसला. खांद्यात बसला, पाठीत बसला, बाही मनगटावर जिथे थांबायला हवी तिथे थांबली. जणू त्यांच्याच अंगावर बेतला होता. सरांचा संताप दुप्पट झाला. दुसऱ्याच्या कोटाने इतके नीट बसावे म्हणजे काय?

संतापातूनच त्यांना युक्ती सुचली. टेलर लोकांत मापाला कपडा देण्याची पद्धत असते. अंगाला टेप लावत बसण्यापेक्षा नीट बसणारा एक कपडा नेऊन दाखवायचा, टेलर दुसरा कपडा तसाच करून देतो. सरांच्या जुन्या कोटात माया भरपूर होती. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जास्तीचे कापड, माणूस पुढेमागे वाढला तर सोडायला. ती सोडून जुना कोट व्याह्यांच्या कोटाबरहुकूम सैल करून घ्यायचा, गुरुवारी दोन्ही कोट घरी, शुक्रवारी व्याह्यांचा परत, शनिवारी पहिली रांग. कोणाला पत्ताही लागणार नाही. बायकोला त्यांनी एवढेच सांगितले की परत देण्याआधी कोट इस्त्री करून आणतो.

“आणा. पण जसा आहे तसा परत जाऊ दे,” ती म्हणाली.

“मग काय खाणार आहे का मी तो?” सर म्हणाले.

टेलरला सांगायचे ते एका वाक्याचे काम होते. सर ते वाक्य उच्चारणारच होते, तेवढ्यात टेलर गळ्यात टेप अडकवत म्हणाला, “बोला सर, काय चेंज करायचंय?”

आता या दुकानाच्या पाटीवर ‘येथे जुने कपडे चेंज करून मिळतील’ असे लिहिलेले होते. सर त्या पाटीखालून वर्षानुवर्षे जात होते आणि वर्षानुवर्षे त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. घरच्या शब्दकोशात ‘चेंज’ या क्रियापदाचे अर्थ पाऊण पान भरून दिलेले होते. सरांना त्यांतला एकच मान्य होता. पाटीवर तो एक सोडून दुसराच वापरला होता.

“चेंज काहीही करायचं नाही,” सर म्हणाले. “तुमची ती पाटी रोज माझ्या डोळ्यांत खुपते.”

“रंग उडालाय ना, लावायचाच आहे.”

“रंग राहू द्या, शब्द चुकलाय. चेंज म्हणजे हे जाऊन ते येणं. तुम्ही काय करता? ऑल्टर करता. ऑल्टर म्हणजे वस्तू तीच राहते, तिच्यात थोडा फरक होतो. कळतंय का?”

टेलर म्हणाला की गिऱ्हाइकं दोन्ही म्हणतात आणि काम एकच असतं. सरांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी काउंटरवरच्या दोन कोटांकडे पाहिले. जुना कोट उदाहरणाला घेण्यासारखा नव्हता, त्याची कोपरे चकाकत होती. त्यांनी व्याह्यांचा उचलला.

इथे टेलरची एक पद्धत सांगितली पाहिजे. तो कधी काही लिहून ठेवत नसे. गिऱ्हाईक कपडा हातात धरून बोलू लागले की तो त्या कपड्यावर खडूने खुणा करत जाई. कुठे रेघ, कुठे फुली. गिऱ्हाईक गेल्यावर कपडाच त्याला सगळे सांगे. या पद्धतीने त्याचे आजवर कधी चुकले नव्हते, कारण आजवर त्याच्या दुकानात कोणी उदाहरणे दिली नव्हती.

“समजा, हा कोट आहे,” सर म्हणाले. “हा त्या जुन्या कोटाच्या मापाने कमरेत आत घेतला. कोट कोणता राहिला?”

“हाच.”

“हाच. याला म्हणायचं ऑल्टर.”

टेलरने कमरेवर दोन रेघा ओढल्या. सरांना वाटले, मुद्दा टिपून घेतोय. त्यांना बरे वाटले.

“आणि बाही आखूड केली तर?” टेलरने विचारले.

“तरी तेच.”

“किती आखूड?”

“किती का असेना. समजा, त्या कोटाएवढी.”

खडू बाहीवर गेला. मग टेलरने बटणांचे विचारले. सर खुश झाले. सबंध नोकरीत एकाही मुलाने त्यांना इतके मुद्द्याचे प्रश्न विचारले नव्हते. बटण काढून दुसरे लावले तर बटणापुरते ते चेंज झाले, पण कोटाच्या दृष्टीने ऑल्टर, एकाच कामात दोन्ही क्रियापदे, असे त्यांनी एकेका बटणावर बोट ठेवून समजावले. प्रत्येक बटणावर एकेक फुली पडली.

“वरचा खिसा काढला तर?”

“काढा की. खिसा गेला म्हणून कोट जात नाही.”

टेलरने खिशावर फुली मारली आणि जरा विचारात पडला. “मग सर, सगळंच बदललं तर?”

सर थबकले. “सगळं बदललं तर मात्र ते चेंज. तिथवर जायचं नाही. काहीतरी मूळचं राहिलंच पाहिजे.”

“बरोबर,” टेलर म्हणाला. त्याचा खडू कॉलरपाशी पोचला होता, तो त्याने मागे घेतला.

एवढे झाल्यावर सरांना एक जुने गाऱ्हाणे आठवले. मागे त्यांची पँट कमरेत घेताना टेलरने आत कापडाचा गोळा तसाच ठेवला होता, तो बसले की टोचे. ते म्हणाले, “जास्तीचं कापड आत ठेवत जाऊ नका. कापून टाकायचं. काम कसं स्वच्छ पाहिजे.”

“कापून टाकू?”

“कापून टाका.”

तेवढ्यात दोन बाया पडद्यांचे गाठोडे घेऊन आल्या. सरांनी घड्याळ पाहिले. इतका वेळ बोलल्यावर कामाचे सांगून झालेच असणार, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले.

“आता कळलं ना काय करायचं?”

“सगळं कळलं, सर. इतकं नीट कोणी सांगत नाही हो.”

त्या दिवशी सर पाटीखालून पहिल्यांदाच न चिडता गेले.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ते दुकानात आले. टेलरने त्यांचा जुना कोट काउंटरवर ठेवला. सरांनी तो घातला. वरचे बटण लागेना. त्यांनी पोट आत घेतले. बटण लागले, पण बोलता येईना. पोट सोडून ते म्हणाले, “हा तर होता तसाच आहे.”

“तो मापाचा ना,” टेलर म्हणाला. “तुमचा हा बघा.”

आणि त्याने व्याह्यांचा कोट हँगरसकट समोर धरला.

कोटाची कंबर आत गेली होती. बाह्या वर गेल्या होत्या. काळ्या बटणांच्या जागी तपकिरी बटणे आली होती. छातीवर जिथे खिसा होता तिथे सपाट कापड होते, आणि इस्त्री इतकी छान की खिसा कधी होता याची शंकाही येऊ नये. सरांनी तो यंत्रासारखा अंगात घातला. तो जुन्या कोटाइतकाच आवळत होता. सोमवारी सकाळी त्यांच्याकडे न बसणारा कोट एक होता. आता दोन होते.

“हे काय केलंत?”

“ऑल्टर,” टेलर अभिमानाने म्हणाला. “एकही खूण सोडली नाही.”

“अहो, ते उदाहरण होतं. मी समजा म्हटलं होतं.”

“म्हटलं होतं ना. पण समजाची खूण कशी करणार, सर?” टेलरचा चेहरा उतरला. मग आपली बाजू सांगितली पाहिजे म्हणून त्याने कोटाचा गळा बोटाने वर उचलला. “कॉलरला मात्र हात लावला नाही. तुम्ही म्हणालात, सगळं बदललं तर चेंज होईल.”

सरांचे कान लाल झाले. त्यांनी आवाज चढवला आणि सांगितले की हे सगळे उसवा, आत्ताच्या आत्ता, आणि होता तसा करा. टेलर म्हणाला की उसवायला त्याची ना नाही, पण सोडायला आत काही उरलेलं नाही. माया कापली. सरांनीच सांगितलं होतं, काम स्वच्छ पाहिजे.

“मग ते कापलेलं कापड कुठाय?”

टेलरने बोट दाखवले. काउंटरवर टाचण्या खोचायची एक नवी गुबगुबीत उशी होती. तिचे कापड राखाडी, बारीक निळ्या रेघेचे. व्याह्यांच्या कोटासारखेच.

“वाया कशाला घालवायचं,” टेलर म्हणाला.

घरी बायकोने कोट हातात घेतला, उलटासुलटा केला आणि खुर्चीवर बसली. “खिसा कुठे गेला?”

सरांनी सगळे सांगितले. सांगताना त्यांचा संताप वाढत गेला. टेलर मूर्ख, पाटी मूर्ख, आणि मुळात माणसाने दुसऱ्याच्या घरी जेवायला येताना कोट घालून यावेच कशाला?

“तुम्ही त्याला नक्की काय सांगितलंत?”

“मी काहीच सांगितलं नाही. मी फक्त समजावलं.”

“तेच तर,” बायको म्हणाली.

गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती, हे सरांनाही दिसत होते. शनिवारी व्याही तोच कोट घालणार, हे सगळ्या पोस्टाला ठाऊक होते. सुनेने हौसेने दिलेला कोट तिच्या बापाने चोरून नेला आणि कापून आणला, अशी बातमी व्हायला वेळ लागणार नव्हता. मग व्याही तोंडाने काही बोलोत न बोलोत, लेकीला त्या घरात मान खाली घालून वावरावे लागेल. बायकोचे म्हणणे, आत्ता फोन करा आणि खरे ते सांगा. सरांनी फोन जवळ ओढला आणि आधी मनात वाक्ये जुळवली. ‘कोटाला जरा फरक पडला आहे.’ ‘कोट थोडा आत गेला आहे.’ कोणी केले ते कुठल्याच वाक्यात येत नव्हते. असली वाक्ये लिहिणाऱ्या मुलांचे त्यांनी नोकरीभर गुण कापले होते. शेवटी त्यांनी फोन परत जागेवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी त्यांना वाटले, टाचण्यांची उशी उसवली तर काखेत पट्टी जोडण्यापुरते तरी कापड निघेल. ते दुकानात गेले. टेलरने बिचाऱ्याने एका शब्दाने न कुरकुरता उशी उसवली. आतून कापसाबरोबर निघाल्या त्या बोटभर रुंदीच्या चिंध्या. त्या जोडून कोटाला ठिगळ लागले असते, पट्टी नाही. सर रिकाम्या हाताने घरी आले. दारातच बायको म्हणाली, “लेक येऊन गेली.”

“आणि कोट?”

“घेऊन गेली. पिशवीत घडी घालून ठेवला होता, तसाच उचलला. घाईत होती.”

“तू सांगितलं नाहीस?”

“मी का सांगू? समजावायचं काम तुमचं.”

शनिवारी संध्याकाळी सर जुना कोट घालून पोस्टाच्या हॉलमध्ये गेले. बटणे उघडी ठेवली होती आणि हात शरीराला चिकटवून ते चालत होते, कारण हात जरा लांब गेला की काखेतली शिवण कुरकुरे. बायको शेजारी. मागच्या रांगेत लेक आणि जावई. सरांनी मागे वळून पाहिले नाही. मनात त्यांनी अख्खा निषेध तयार ठेवला होता. व्याह्यांनी चारचौघांत काही टोमणा मारलाच, तर उठून स्पष्ट सांगायचे की चूक टेलरची आहे, आणि कोट असा कुठेही काढून टाकणे हीसुद्धा एक चूकच आहे.

मग व्याही व्यासपीठावर आले.

सरांना क्षणभर ओळखूच आले नाहीत. किरकोळ अंगाच्या त्या माणसावर कोट असा चपखल बसला होता की खांदे आहेत हे पहिल्यांदाच कळत होते. बाहीतून शर्टाची पांढरी कड हवी तेवढीच डोकावत होती. तपकिरी बटणे दिव्यात चमकत होती. दहा वर्षांनी तरुण दिसतायत, असे मागे कोणीतरी म्हणाले.

व्याह्यांनी भाषणाचा कागद उलगडला आणि चष्म्यासाठी छातीवर हात नेला. तिथे खिसा नव्हता. त्यांनी पुन्हा चाचपले. चष्मा ते नेहमी त्या खिशात ठेवत. आज खिसा नाही, म्हणून तो घरी टेबलावरच राहिला होता. कागदाकडे त्यांनी हाताच्या अंतरावरून एकदा पाहिले, मग घडी घालून तो ठेवून दिला आणि ते मनातले बोलू लागले. कागदावर सरांचे नाव नव्हते. मनात होते.

“हा कोट माझ्या सुनेने मला दिला,” ते म्हणाले. “प्रेमाने दिलेला. पण खरं सांगतो, दोन वर्षं तो मला ढगळ होत होता. पोरीला सांगणार कसं? तिचं मन मोडेल. म्हणून मी तो घालतच राहिलो, भाजीलासुद्धा, म्हणजे तिला शंका नको. हे माझ्या बायकोला कळलं नाही, मुलाला कळलं नाही. आमच्या व्याह्यांना कळलं. मागच्या रविवारी मी तो त्यांच्याकडे विसरलो. एक अक्षर न बोलता, मला न विचारता, त्यांनी तो माझ्या मापाचा करून पाठवला. अशी माणसं आता राहिली नाहीत.” त्यांनी दुकानाचे नाव घेतले, टेलरचे कौतुक केले आणि सरांकडे हात केला. “सरांनी माझा कोट चेंज करून दिला.”

टाळ्या सुरू झाल्या. पण सरांच्या कानात एकच शब्द घुसला होता. इतक्या लोकांसमोर, इतक्या चांगल्या वाक्यात, तोच शब्द. इतक्या वर्षांची सवय डोक्यापेक्षा चपळ असते. चूक दुरुस्त करायला ते अर्धे उठले आणि वर्गात करत तसा त्यांनी उजवा हात उंच केला. काखेतून टर्रकन आवाज आला. शिवण बगलेपासून कमरेपर्यंत गेली. हात खाली घेतला तर भगदाड दिसणार, म्हणून तो वरच राहिला. सर नम्रपणे अभिवादन स्वीकारत आहेत असे वाटून हॉलमधले सगळे उभे राहिले.

“बसा आता,” बायको पुटपुटली.

समारंभानंतर चहाच्या टेबलापाशी लेक त्यांना बाजूला घेऊन गेली. तिने फाटलेली काख पाहिली, पदराची टाचणी काढून ती तिथे टोचली आणि विचारले, “बाबा, त्यांना कोट ढगळ होतो हे तुम्हाला कसं कळलं?”

सर म्हणाले की ते दिसतच होते.

“मला मेलीला कधी दिसलं नाही. मला वाटायचं, होत असेल थोडा सैल. होणारच. तो तुमच्या मापाचा होता.”

“माझ्या?”

“मापाला तुमचाच शर्ट नेला होता. आईकडून मागून घेतला. कोट शिवून, पिशवीत घालून घरी आणला होता मी. दाराशी पिशवी ठेवली आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला नवा कोट घेऊ या का? आठवतंय?”

सरांना आठवत होते. त्या दिवशी त्यांनी लेकीला बसवून घेतले होते आणि आहे ती वस्तू टाकून नवी आणण्याची जी खोड हल्ली लागली आहे तिच्यावर, चेंज आणि ऑल्टर यांतल्या फरकासह, जेवणाची पाने घेईपर्यंत बोलले होते. लेकीने सगळे ऐकून घेतले होते. जाताना ती दाराशी ठेवलेली पिशवी उचलून घेऊन गेली होती. पिशवीत काय आहे हे त्यांनी विचारले नव्हते.

“मग मी तो सासऱ्यांना दिला,” लेक म्हणाली. “तुम्ही इतकं नीट समजावल्यावर तुम्हाला कसा देणार?”

घरी येईपर्यंत सर चिडण्यासाठी कोणीतरी शोधत होते. टेलरवर आता चिडता येत नव्हते, त्याने व्याह्यांचे भले केले होते. व्याह्यांवर तर मुळीच नाही. लेकीने जे केले ते त्यांच्याच सांगण्यावरून. उरली ती बायको. शर्ट मापाला जातोय हे तिला माहीत होते आणि ती दोन वर्षे गप्प बसली होती. सरांनी तिच्याकडे वळून तसे म्हटले.

“मी विचारलं होतं तेव्हा,” ती म्हणाली. “दिला असता तर घातला असतात का म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

रविवारी लेकीचा फोन आला. बाबांना नवा कोट शिवायचा, या वेळी त्यांच्याच अंगावर माप घेऊन. सरांनी टेलरकडे जाऊन फक्त उभे राहायचे. बायकोने फोनवरच कबूल करून टाकले आणि सोमवारी सकाळी निघताना सरांना बजावले, “तोंड उघडू नका. त्याने विचारलं तरी नाही. नुसतं नवा कोट एवढंच म्हणा.” फाटलेला जुना कोटही तिने पिशवीत घातला, काख शिवून आणा म्हणून.

दुकानासमोर रांग होती. पोस्टातली निम्मी माणसे आपापले ढगळ कोट घेऊन उभी होती. वर पाटीचा रंग नवा होता आणि शब्दही. ‘येथे फक्त ऑल्टर केले जाईल.’ सर पाटीखाली क्षणभर उभे राहिले. अक्षर सुबक होते. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती.

टेलरने त्यांना पाहताच रांगेतून पुढे घेतले. “सर, तुमच्या कृपेने मान वर करायला वेळ नाही.”

“नवा कोट,” सर म्हणाले.

टेलरचा चेहरा पडला. “नवा? नवं शिवायचं बंद केलं, सर. हे आलेलंच उरकत नाही. आणि नवा म्हणजे चेंजच झालं की. तुम्हीच सांगितलंत, म्हणून तर पाटी बदलली.”

सरांच्या कपाळाची शीर उडाली. ‘पाटी बदलली’ हेही मुळात तपासण्यासारखे होते. पाटी तीच, शब्द नवे. त्यांनी पिशवीतला जुना कोट काढला आणि हातात धरला. रांगेतले लोक पुढे सरकून ऐकू लागले. टेलरने कानावरचा खडू काढला, त्याचे टोक कोटावर, काखेच्या जरा वर, टेकवले आणि आज्ञाधारकपणे मान वर केली.

“हं, बोला सर.”

सर साडेदहा वाजता दुकानात शिरले होते. हे लिहीपर्यंत ते कोट धरून तिथेच उभे आहेत, आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलेले नाही.